आधी पैसे, मग डॉक्टर

खासगी दवाखान्यात आता मोबाईलवर आधी पैसे भरायचे, मग नंबर मिळतो. आम्ही नर्स म्हणून ओपीडीत बरीच वर्षे काढली, म्हणून सांगतो. मेसेजमध्ये अकराची वेळ आली म्हणजे डॉक्टर अकराला भेटतील असे नाही. एकाच वेळेला दोघा-तिघांची नोंद असते, आणि डॉक्टर ऑपरेशनला गेले की सगळी रांग पुढे ढकलली जाते. धुणीभांडी करणाऱ्या ताईचा मात्र खाडा पडतोच.

वस्तीतल्या एका मावशींचे पैसे शेजारच्या मुलाने भरले. पोट दुखते म्हणून पोटाच्या सर्जनचा नंबर लावला. आत गेल्यावर कळले, दाखवायला हवे होते स्त्रीरोगतज्ज्ञांना. फी गेली ती गेलीच. चूक पोराची नाही. खिडकीवर माणूस असता तर दोन प्रश्नांत काम झाले असते. ऑनलाईन खुशाल ठेवा, पण रोजचे काही नंबर खिडकीवर राखलेच पाहिजेत, असे आमचे म्हणणे आहे.

पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: रद्द केले तर परत किती मिळतील? रिपोर्ट दाखवायला पुन्हा फी लागेल का?

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. तिथे आधी जा.

आणि छातीत दुखत असेल, धाप लागली असेल तर नंबर लावत बसू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर थेट कॅज्युअल्टी गाठा. जीव वाचवण्याचे उपचार आधी, बाकी सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितले आहे.