सहजीवनाची वर्षे मोजताना

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विवाहाची पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या दांपत्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याची प्रथा आता चांगलीच रुजली आहे. स्मरणिकेत त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. छायाचित्राखाली डॉक्टरांचे नाव, त्यांच्या पदव्या, ‘सौ.’ लावून पत्नीचे नाव आणि वर्षांचा आकडा, एवढा मजकूर असतो. प्रथा स्तुत्यच आहे आणि ती बंद करावी असे सुचविण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळीच हेतू नाही. मात्र या सत्काराचा एक अलिखित नियम असा की, पती-पत्नी दोघेही मंचावर उपस्थित असले पाहिजेत. तो केव्हा ठरला आणि कोणी ठरविला, हे कार्यकारिणीतील कोणालाच सांगता येत नाही. तरीही तो कसोशीने पाळला जातो. या नियमाचा, आणि त्या एकाकी आकड्याचाही, फेरविचार व्हावा असे नम्रपणे मांडायचे आहे.

आकड्यापासूनच सुरुवात करू. आपल्या ज्येष्ठ पिढीतील दांपत्याला ‘तुमची पहिली भेट कशी झाली?’ असे विचारले तर उत्तराऐवजी हसूच येते. आधी पत्रिका भेटल्या, मग वडीलधारी मंडळी भेटली, आणि कांदेपोह्यांच्या बशीपलीकडे एकदा नजरानजर झाली, की पुढची भेट बोहल्यावरच! बडोद्याच्या मुलाला पुण्याची, सांगलीची किंवा नाशिकची मुलगी सांगून येई. ‘मुलगी गुजरातेत द्यायची’ या कल्पनेने तिची आजी डोळ्यांना पदर लावी. मग मुलगा डॉक्टर आहे हे कळल्यावर तो पदर हळूहळू खाली येई.

ही मुलगी दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या ज्या घरी येऊन पडे, त्याच्या तळमजल्यावर बहुधा दवाखाना असे. गुजराती ती शिकली ती कुठल्या वर्गात नव्हे, तर बाकावर बसलेल्या रुग्णांच्या बायकांकडून. कंपाउंडर रजेवर गेला की पुड्या बांधायच्या, मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, रात्री दोन वाजता दार वाजले की आधी आपण उठून ‘कोण आजारी आहे, ताप किती आहे’ हे विचारून घ्यायचे आणि मगच डॉक्टरांना हाक मारायची. व्हिजिटला गेलेले डॉक्टर परत येईपर्यंत धास्तावलेल्या नातेवाइकांना तिने पाजलेला चहा कोणत्याही हिशेबाच्या वहीत नोंदलेला नाही. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांची प्रॅक्टिस त्या चहावर उभी राहिली, हे आपण सारे जाणतो. स्मरणिकेत त्या साऱ्याचे दोन शब्द होतात: ‘समर्थ साथ’.

पुढे चित्र बदलले. बडोद्यात 1949 साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि मुलींची संख्या जसजशी वाढू लागली, तसतशा भेटीच्या जागाही बदलल्या. शवविच्छेदनाचे टेबल ही काही प्रणयाला पोषक जागा नव्हे. पण हजेरीपट इंग्रजी वर्णानुक्रमाने लागतो, आणि त्या क्रमात देसाई आणि देशपांडे शेजारी शेजारी येतात. एरवी जे काम ज्योतिषी करतो, ते कॉलेजच्या कारकुनाने नकळत करून टाकल्याची उदाहरणे आपल्या मंडळात आहेत. एक घर गुजराती, एक मराठी. वरणात गूळ किती घालायचा हा त्या संसारातला सर्वांत दीर्घकाळ चाललेला वाद. अशी दांपत्ये सत्काराला येतात तेव्हा त्यांचाही आकडाच छापला जातो, आणि विवाहास घरच्यांची संमती मिळेपर्यंत त्यांनी घालविलेली वर्षे त्या आकड्यात धरली जात नाहीत.

या पिढीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारायला हवी. पती शल्यचिकित्सक म्हणून पत्नीने भूलशास्त्र घेतले, किंवा मुले लहान म्हणून रात्रीची बोलावणी नसलेली शाखा निवडली, असे आपल्याकडे किती घरांत झाले? काहींनी ते आनंदाने केले आणि त्यातच नाव मिळविले. काहींनी सुवर्णपदक कपाटात ठेवून पतीच्या रुग्णालयाचा हिशेब सांभाळला. निर्णय कोणी घेतला, हे त्या दोघांनीच सांगावे, पण त्यांना विचारायला नको का?

नुसता कालावधी किती फसवा असतो, याची उदाहरणे आपल्या व्यवसायाच्या इतिहासातच आहेत. आनंदीबाई जोशी यांचा विवाह 1874 साली नवव्या वर्षी झाला आणि फेब्रुवारी 1887 मध्ये त्या निवर्तल्या. जेमतेम तेरा वर्षांचा संसार, त्यातही मोठा काळ दोघांमध्ये समुद्र. आपल्या नियमाने त्यांना रौप्यमहोत्सवाचेही श्रीफळ मिळाले नसते. पण टपाल खात्यातल्या त्या नवऱ्याच्या हट्टावाचून 1886 सालची एम.डी. ही पदवी घडली नसती. आणि तोच नवरा मारहाण करी, हेही तिच्या पत्रातून दिसते. हे दोन्ही एकाच संसारात होते. उलट डॉ. रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला. नांदायला जाण्याचे त्यांनी नाकारले आणि 1884 पासून 1888 पर्यंत न्यायालयात झुंज दिली. पुढे लंडनहून शिकून आल्यावर त्यांनी सुरतेत, म्हणजे आपल्या शेजारीच, वर्षानुवर्षे स्त्रियांची रुग्णसेवा केली. कागदोपत्री धरले तर त्यांच्याही विवाहाची काही वर्षे भरतीलच. ती कोणी, कशासाठी मोजायची?

बडोदेकरांना तर हे अधिक सहज उमजावे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा 1904 साली झाला आणि हिंदू घटस्फोटाचा कायदा 1931 साली, म्हणजे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या चोवीस वर्षे आधी. ज्या नगरीने विवाहातून बाहेर पडण्याचा मार्ग इतक्या लवकर खुला केला, तिथे केवळ टिकले म्हणून कौतुक, ही कसोटी थोडी अपुरी वाटते. काही विवाह प्रेमाने टिकतात, काही सवयीने, आणि काही दुसरीकडे जायला जागा नाही म्हणून.

आता त्या उपस्थितीच्या नियमाकडे येतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांचे जामखेडचे काम आपणा सर्वांना परिचित आहे. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात दोघे भेटले, 1960 साली विवाह झाला, 1970 पासून जामखेडच्या दुष्काळी मुलखात गावोगावच्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडविण्याचे काम त्यांनी उभे केले, आणि 1979 चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना संयुक्तपणे मिळाला. मेबेलताई 1999 साली गेल्या. विवाहाला पन्नास वर्षे झाली ती 2010 मध्ये, आणि डॉ. आरोळे त्या वर्षी हयात होते. ते आपल्या मंडळाचे सभासद असते तर त्या वर्षीच्या यादीत त्यांचे नाव आले नसते. कारण? शेजारची खुर्ची रिकामी. हा नियम बरोबर आहे असे कोणी मनापासून म्हणू शकेल काय?

हे उदाहरण दूरचे वाटत असेल तर आपल्या सभागृहातच पाहावे. सत्काराचा कार्यक्रम सुरू झाला की मागच्या रांगांतील काही ज्येष्ठ हळूच उठून बाहेर जातात. त्यांतले कोणी अठ्ठेचाळीस वर्षे, कोणी एकोणपन्नास वर्षे संसार केलेले. एकीने तर पतीच्या शेवटच्या सहा वर्षांत पक्षाघातानंतरची सारी शुश्रूषा घरी केली, नळी बदलण्यापासून कूस बदलण्यापर्यंत. तिला आपण निमंत्रणपत्रिका पाठवितो, भोजनाची कूपनेही देतो; व्यासपीठ मात्र देत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. ‘दुःखाची आठवण कशाला काढायची?’ हा पहिला. परंतु ज्याचे माणूस गेले आहे त्याला ते आठवायला आपल्या कार्यक्रमाची गरज नसते. त्याला गरज असते ती त्या माणसाचे नाव चारचौघांत उच्चारले जाण्याची. शोकग्रस्त कुटुंबांशी रोज बोलणाऱ्या डॉक्टरांना हे निराळे सांगायला नको. दुसरा आक्षेप स्पष्ट बोलला जात नाही. मंगल प्रसंगी विधवा स्त्री मंचावर कशी, असा तो आहे. याला उत्तर देण्याचीही इच्छा होत नाही. फक्त एवढेच सुचवितो की, सभागृहाकडे येताना वाटेत रावपुऱ्याच्या टॉवरकडे एकवार पाहावे. महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई 1885 साली वारल्या, विवाहानंतर अवघ्या पाच वर्षांनी. त्याच वर्षी महाराजांचा दुसरा विवाह झाला आणि तो त्यांच्या निधनापर्यंत, 1939 पर्यंत, त्रेपन्न वर्षे टिकला. तरीही 1896 साली त्या टॉवरला नाव दिले गेले ते पहिल्या चिमणाबाईंचे.

तेव्हा यंदाच्या कार्यकारिणीपुढे प्रस्ताव असा. विवाहदिनापासून पन्नास वर्षे झालेल्या प्रत्येक सभासदाचे नाव यादीत असावे, जोडीदार हयात असो वा नसो. आणि जोडीदार हयात नसल्यास दोघांचे छायाचित्र मंचावर ठेवून, दोघांचीही नावे घेऊन सत्कार व्हावा. पन्नासला एक-दोन वर्षे असताना ज्यांची साथ सुटली, त्यांनाही यात धरावे. ज्यांना मंचावर यायचे नसेल, त्यांच्या घरी अध्यक्षांनी जाऊन यावे. स्मरणिकेत प्रत्येक दांपत्याला अर्धे पान मिळावे. त्यासाठी आपल्या तरुण सभासदांनी तीन महिने आधी घरी जाऊन पती-पत्नींना वेगवेगळे बसवून दोनच प्रश्न विचारावेत: भेट कशी झाली, आणि दवाखान्यात तुमचे काम कोणते होते. दोघांच्या उत्तरांत तफावत आढळल्यास ती तशीच छापावी; वाचकांना आनंदच होईल. जाहिरातींच्या दोन पानांचे उत्पन्न कमी होईल हे खरे. कोषाध्यक्षांशी त्याबद्दल बोलणे झाले असून, अर्ध्या पानाऐवजी पाव पान चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.