रिकाम्या हाती परतलेला वाचक

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 संशोधनपत्रिका आणि त्या ऑनलाइन वाचू शकणाऱ्या 6,300हून अधिक सरकारी संस्था. मोजक्या श्रीमंत संस्थांनाच परवडणारे ज्ञान गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातल्या विद्यार्थ्याच्या हाती पडणार असेल, तर हा पैसा सत्कारणी लागेल. तो लागला की नाही, हे ठरवायचे कशावरून?

डाउनलोडच्या आकड्यावरून, असे उत्तर मिळेल. पण कोणी पन्नास लेख उतरवून घेतले आणि एकही वाचला नाही, तरी आकडा पन्नासच दिसतो. मोठ्या आकड्यांनी आपण पूर्वीही फसलो आहोत. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने लाखो पुस्तके स्कॅन केली. त्यांतल्या मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, वाटेल त्या स्पेलिंगने नोंदवली गेली. पुस्तक संग्रहात असायचे, पण शोधणाऱ्याला सापडायचे नाही. मोजदादीत मात्र ते जमेला होते.

ऑनलाइन वापर मोजण्यासाठी ‘काउंटर’ ही आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तीस सेकंदांच्या आत त्याच दुव्यावर दोनदा क्लिक केले तर ते एकदाच धरायचे, यंत्रांच्या आपोआप होणाऱ्या फेऱ्या वगळायच्या, असे तिचे नियम. नाकारलेल्या प्रवेशाचीही नोंद तीत असते. लेखापर्यंत पोहोचलेला वाचक वर्गणी नाही म्हणून किती वेळा परत फिरला, हे त्यातून कळते. आमच्या मते साऱ्या अहवालात याहून मोलाचा आकडा नाही. पुढे कोणती पत्रिका घ्यायची, हे तोच सांगतो.

वसतिगृहातून लॉगिन होईना म्हणून नाद सोडून दिलेला विद्यार्थी मात्र कोणत्याच नोंदीत सापडत नाही. देवघेवीच्या खिडकीवर ग्रंथपालाला वाचकाचा पडलेला चेहरा दिसत असे. पडद्यामागे तो दिसत नाही, म्हणून वाचकालाच विचारावे लागेल: हवे ते मिळाले का, किती वेळात मिळाले? मूळचे गणिताचे अध्यापक असलेल्या एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांतला चौथा. त्याची मोजणी मात्र सहसा होत नाही.

योजनेच्या वापराचा वेळोवेळी आढावा घेण्याचे काम ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’कडे आहे. तो आढावा फायलीत राहू नये. संस्थानिहाय आणि पत्रिकानिहाय वापर, नाकारलेले प्रवेश, वाचकांची उत्तरे, सारे लोकांसमोर यावे. कोणती पत्रिका वर्षभर कोणी उघडलीही नाही, हे ठाऊक असल्याशिवाय प्रकाशकांशी भावाची घासाघीस करता येत नाही. मंजूर झालेली तीन वर्षे 2027च्या अखेरीस संपतात. नव्या करारावर सही करण्याआधी सरकारने हे आकडे जाहीर करावेत.