बहुपर्यायी दुःख

‘महासाथीतही शिक्षण थांबले नाही’ हे वाक्य आमच्या व्यवसायात अजूनही अभिमानाने उच्चारले जाते. महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत ते असते, मूल्यांकन समितीपुढील सादरीकरणांत असते, चर्चासत्रांच्या बीजभाषणांत तर असतेच असते. मराठीचे अध्यापन करणारे आम्ही काही जण हे वाक्य असत्य मानतो. थांबली नाही ती परीक्षा. शिक्षण, निदान साहित्याचे शिक्षण, थांबले होते. आणि ते थांबल्याची कबुली न दिल्यामुळेच ते आजही पुरते सुरू झालेले नाही.

निर्बंध आवश्यक होते याविषयी आमच्या मनात किंतु नाही. पुण्यातील विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या सावित्रीबाई 10 मार्च 1897 रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता, त्याच रोगाने गेल्या. त्याच वर्षी झालेला साथरोग कायदा महाराष्ट्र शासनाने मार्च 2020 मध्ये पुन्हा लागू केला. तेव्हा वर्ग बंद झाले, वसतिगृहे रिकामी झाली, हे योग्यच झाले. आमचा आक्षेप आहे तो, त्या काळात काय गेले याची नोंदच न घेण्याला.

साहित्याचा विद्यार्थी साहित्य शिकतो कुठे? तासाला शिकतोच, पण ग्रंथालयात हवे ते पुस्तक मिळाले नाही म्हणून शेजारचे उचलतो तेव्हाही शिकतो. टपरीवर वरच्या वर्गातल्या कुणाशी वाद घालून हरतो तेव्हा शिकतो. वाङ्मय मंडळाच्या भित्तिपत्रकावर आपली पहिली कविता लागल्यावर ती कोण वाचते, हे खांबाआडून पाहतो तेव्हा शिकतो. खेड्यातून आलेल्या मुलीला तर वसतिगृहातील खाट ही आयुष्यातील पहिली अशी जागा असते, जिथे रात्री दिवा लावून वाचल्याबद्दल कुणी बोलत नाही. ती घरी परतली आणि तिचे वाचन घरकामातून उरलेल्या वेळावर आले. घरात मोबाइल एक, तोही भावाकडे. इकडे आम्ही पडद्यावरील काळ्या चौकोनांपुढे बोलत राहिलो. ‘आवाज येतोय का?’ हाच त्या काळातील आमचा सर्वांत गंभीर वाङ्मयीन प्रश्न होता.

लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी महाविद्यालये 20 ऑक्टोबर 2021 रोजी उघडली. त्या आठवड्यात द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने जिन्यात आम्हांला थांबवून विचारले, ‘सर, मराठी विभाग कुठे आहे?’ त्याचे एक वर्ष त्याच विभागात ‘पूर्ण’ झाले होते! जानेवारी 2022 मध्ये दारे पुन्हा बंद झाली, तेव्हा त्याला विभाग सापडून जेमतेम अडीच महिने झाले होते.

आता परीक्षेविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2020 मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षांचा आग्रह धरला, राज्याने त्या नकोत म्हटले, आणि परीक्षेविना पदवी देता येणार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 2020 रोजी दिला. मग तासाभराच्या बहुपर्यायी परीक्षा आल्या. प्रश्न आम्हीच काढले. भालचंद्र नेमाडे यांच्या 1963 सालच्या ‘कोसला’वर आम्ही विचारले : पांडुरंग सांगवीकरच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू कोणत्या रोगाने होतो? (अ) प्लेग (ब) देवी (क) पटकी (ड) क्षय.

ही कादंबरी खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची. त्या मृत्यूने त्याचे जगणेच उसवते. आम्ही त्याला एक गुण ठेवला. ‘देवी’ हा अचूक पर्याय निवडणाऱ्यांत, त्याच महिन्यात वडील गमावलेली आमची एक विद्यार्थिनी होती. सांगवीकरच्या शोकाविषयी तिला कदाचित चार पाने लिहायची असतील. आम्ही तिला चार पर्याय दिले.

यावर आमचे सहकारी म्हणतील, दुसरा मार्ग नव्हता. तेव्हा नसेल, पण नंतर? मे 2021 मध्ये आयोगाने मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला आणि अभ्यासक्रमाचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवता येईल असे सुचवले. आणीबाणीतील तडजोड धोरण म्हणून मिरवू लागली. 2022 मध्ये परीक्षा प्रत्यक्ष घेण्याचे ठरले, तेव्हा विद्यार्थ्यांनीच बहुपर्यायी प्रश्न मागितले, हेही खरे. पण ही चटक त्यांना लावली कोणी? दीर्घोत्तरे तपासण्याचे कष्ट वाचले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांत आम्हीही होतो. प्रश्नपेढ्या आम्ही जपून ठेवल्या. भित्तिपत्रकाचा फळा मात्र कुणी हलवला हे आम्हांला आठवतही नाही.

म्हणून आमची मागणी आमच्यापासूनच सुरू होते. साहित्याच्या अंतर्गत परीक्षेतून बहुपर्यायी प्रश्न हद्दपार करावेत. ग्रंथालयाची कपाटे विद्यार्थ्यांना हाताळू द्यावीत. वाङ्मय मंडळाला वेळापत्रकात हक्काचा तास द्यावा. आणि पुढच्या अहवालात ‘शिक्षण थांबले नाही’ हे वाक्य लिहिण्याची वेळ येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी जिन्यातला तो विद्यार्थी आठवावा. त्याला विभागाचा पत्ता सांगताना आम्हांला लाज वाटली होती. ती वाटत राहिली पाहिजे.