प्रेमकथेतील जमाखर्च

इंग्लंडातील सरदार-उमरावांच्या प्रेमकथा आज औशासारख्या तालुक्याच्या गावीही सहज पोहोचल्या आहेत. लातूरला महाविद्यालयात जाणाऱ्या मुली एस.टी.च्या प्रवासात मोबाईलवर त्या वाचतात. ज्युलिया क्विन यांची ‘द ड्यूक अँड आय’ ही कादंबरी २००० साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली ‘ब्रिजर्टन’ ही मालिका डिसेंबर २०२० मध्ये आली आणि या वाचनाला नवे उधाण आले. वडीलधारी मंडळी त्याकडे नापसंतीने पाहतात. वेळ वाया जातो, डोक्यात नसते खूळ शिरते, अशी त्यांची तक्रार असते. परंतु या कथा थोड्या बारकाईने वाचल्या, तर त्यांत प्रेमाइतकाच हिशेबही भरलेला आहे, हे ध्यानात येते. आणि तो हिशेब आपल्या घरांना मुळीच परका नाही.

या कथांचा आवडता काळ म्हणजे १८११ ते १८२० ही राजप्रतिनिधीच्या कारभाराची वर्षे आणि त्यांच्या आगेमागची काही दशके. त्या काळी उमराव घराण्यातील पदवी आणि बहुतेक जमीन थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांनी सैन्यात, धर्मपीठात किंवा वकिलीत आपले नशीब काढावे, आणि मुलींनी हुंड्याच्या आधारे चांगले स्थळ गाठावे, अशी रीत होती. पार्लमेंटचे अधिवेशन भरले की खेड्यांतील जमीनदार कुटुंबे लंडनला येत आणि मेजवान्या-नृत्यांचा हंगाम सुरू होई. आजच्या वधू-वर परिचय मेळाव्यात बायोडाटा हाती देतात. तिथे वार्षिक उत्पन्नाची कुजबुज नृत्याच्या आधीच सभागृहभर पोहोचलेली असे.

जेन ऑस्टिन यांच्या १८१३ मधील ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत हा हिशेब आकड्यांनिशी मांडलेला आहे. नायक डार्सीचे उत्पन्न वर्षाला दहा हजार पौंड. नायिकेच्या वडिलांचे दोन हजार. पण त्यांना मुलगा नाही आणि मालमत्ता पुरुष वारसाकडेच जावी असे दस्तऐवजाने ठरलेले आहे. त्यामुळे पाच मुलींचे घर वडिलांच्या मागे एका दूरच्या चुलतभावाकडे जाणार. नायिकेच्या वाट्याला, तेही आईच्या पश्चात, चार टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांतील एक हजार पौंड. म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. एकीकडे दहा हजार आणि दुसरीकडे चाळीस! ही दोन रकमांमधली दरी लक्षात घेतली, म्हणजे त्या नायिकेने डार्सीला पहिल्यांदा दिलेल्या नकाराचे मोल कळते. तो नकार केवळ मानिनीचा नव्हता. तिच्याजवळच्या एकमेव सुरक्षित भविष्याला दिलेला नकार होता.

विवाहानंतरचे पान तर कादंबरीकार सहसा उलटतच नाहीत. तत्कालीन इंग्रजी कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीला स्वतंत्र अस्तित्वच नव्हते. तिची रोकड आणि दागदागिने पतीचे होत. तिच्या जमिनीचा कारभार आणि उत्पन्नही त्याच्याकडे जाई. श्रीमंत बाप विश्वस्त नेमून मुलीच्या नावे काही रक्कम बाजूला ठेवीत. ज्यांना ते साधत नसे, त्यांच्या मुली पतीच्या मर्जीवर राहत. पत्नीला आपली मालमत्ता आपल्या नावे बाळगण्याचा पुरता अधिकार १८८२ च्या कायद्याने मिळाला. म्हणजे या कथांतील झुंबरांच्या प्रकाशात नाचणाऱ्या बहुतेक नायिका कायद्याच्या दृष्टीने लग्नाच्या दिवशीच रिकाम्या हाताच्या होत.

असाच ऐतिहासिक प्रेमकथेचा इंग्रजी साचा औशाच्या अगदी शेजारी आला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. लातूरहून औशावरून जो रस्ता पुढे तुळजापूरला जातो, त्या तुळजापुरातच एका इंग्रज लेखकाने आपली नायिका वसवली. लेखक कर्नल फिलिप मेडोज टेलर, कादंबरी ‘तारा’, प्रकाशनाचे वर्ष १८६३. टेलर १८२४ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी मुंबईस आला, पुढे निजामाच्या चाकरीत शिरला. १८५३ च्या तहानंतर नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा त्याचा कारभार टेलरकडे सोपवला गेला आणि १८५७ पर्यंत तो तेथे होता. हा मुलूख त्याने घोड्यावरून पाहिला होता, येथील माणसांशी त्यांच्या भाषेत बोलला होता.

‘तारा’चा काळ त्याने १६५७ हा धरला. प्रतापगडाची घटना १० नोव्हेंबर १६५९ ची. पण टेलरला १६५७, १७५७ आणि १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने तीन कादंबऱ्या गुंफायच्या होत्या, म्हणून इतिहास त्याने थोडा मागे ओढला. तारा ही तुळजापूरच्या एका विद्वान शास्त्र्यांची मुलगी, बालविधवा. घरात मुलगा नाही म्हणून शास्त्र्यांनी दुसरे लग्न केलेले. तारेला देवीच्या सेवेत मुरळी व्हावे लागते, एका दुष्टाची नजर तिच्यावर पडते, आणि अफजलखानाचा मुलगा फाजल तिचा त्राता ठरतो. अखेरीस ती सती जाण्याच्या वेळी तो तिला चितेवरून सोडवतो. कथा रंजक आहे. तिच्यात परक्याची नजरही आहे. पण एक गोष्ट टेलरला नेमकी दिसली होती. ज्या मुलीला ना पतीचे घर, ना पित्याच्या घरात हक्काची जागा, तिचे पुढे काय व्हायचे, हा त्या कथेचा खरा प्रश्न आहे. कादंबरीत त्याचे उत्तर घोड्यावर बसून येते. प्रत्यक्षात तसा घोडा फारसा कोणाच्या दारी येत नाही.

टेलर नळदुर्गास असतानाच, १८५६ मध्ये, कंपनी सरकारने हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. लग्नाची वाट मोकळी झाली. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात आणला. प्रेम हवे तर छप्पर सोडावे, असाच त्याचा अर्थ झाला.

पुढचा सुमारे दीडशे वर्षांचा प्रवास कायद्याने चांगला केला. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैन, बौद्ध आणि शीख समाजालाही लागू आहे. मृत्युपत्र न करता वडील वारले, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांचा वाटा सारखा असतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीला वाटा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर मिळाला, आणि मुलीचा हा हक्क जन्मसिद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. ऑस्टिनच्या नायिकेला जे स्वप्नातही दिसले नसते, ते औशाच्या मुलीला कायद्याने मिळाले आहे.

मिळाले आहे, पण पुष्कळदा हाती राहत नाही. वडिलांचे दिवसकार्य आटोपते, सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात आणि पाठोपाठ हक्कसोडपत्राचा कागद तयार होतो. बहीण माहेरी येते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर बसते, दाखवलेल्या जागी सही करते. कागदावर ‘स्वखुशीने’ असे लिहिलेले असते. जमिनीचे क्षेत्र किती, दुकानाची किंमत काय, बँकेतील ठेव केवढी, हे तिला कोणी सांगितलेले नसते आणि विचारण्याचा धीर तिला होत नाही. माहेरचा उंबरठा तुटू नये, भाऊबीजेला ताट लावता यावे, एवढ्यासाठी ती सही करते.

भावाला ओढग्रस्ती आहे आणि बहीण सुस्थितीत आहे, म्हणून तिने आपला वाटा समजून-उमजून सोडला, तर त्यात वावगे काही नाही. ते औदार्य आहे. पण जे आपले आहे हेच जिला ठाऊक नाही, तिने ते दिले असे कसे म्हणावे? अपरिग्रह हा स्वतःच्या वस्तूचा असतो. दुसऱ्याच्या हक्काचा त्याग आपण परस्पर ठरवायचा नसतो. आणि मनापासून न दिलेले घेणे याला आपल्या व्रतांत अदत्तादान हे स्पष्ट नाव आहे.

तेव्हा घरातील मुलगी ड्यूकची कादंबरी वाचत असेल, तर ती हातातून काढून घेऊ नये. उलट तिला विचारावे, या नायिकेच्या नावावर काय होते? ती उत्तर शोधील. आणि मग एके दिवशी तिने वडिलांना शांतपणे विचारले, आपल्या घराच्या कागदावर माझे नाव कुठे आहे, तर त्या प्रश्नाला रागाने नव्हे, कागद समोर ठेवून उत्तर द्यावे.