पानाला मुभा, शेंड्याला बेडी

२०१७ च्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या ऐन तोंडावर, गुजरात सरकारने आपल्या दारूबंदी कायद्यातील ‘मादक द्रव्यां’च्या कक्षेतून भांग वगळली. भांग हा शंकराचा प्रसाद मानला जातो, ती गांजाइतकी तीव्र नाही आणि ती घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवणे योग्य नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. त्याच काळात त्याच सरकारने त्याच कायद्यातील दारूविषयक शिक्षा कमालीच्या कठोर केल्या. बेकायदा दारू बनवणे, विकणे, वाहून नेणे यांसाठी दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड! एका हाताने फास आवळताना दुसऱ्या हाताने एक गाठ अलगद सोडण्यात आली आणि तिची फारशी चर्चाही झाली नाही.

गांजा वैध झाल्याचा जाहीर जल्लोष म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बर्लिन येते. १ एप्रिल २०२४ च्या मध्यरात्री ब्रँडेनबर्ग दरवाजापाशी जमलेल्या लोकांनी नवा कायदा अंमलात येताच उघडपणे गांजा ओढला. भारतात असा जल्लोष कधी झाला नाही, असे आपण मानतो. वस्तुतः गुजरातेत तो त्या महाशिवरात्रीला झाला. फक्त त्याला कोणी जल्लोष म्हटले नाही. ठंडाईच्या पेल्यातून, मंदिराच्या आवारात, प्रसाद म्हणून तो साजरा झाला. ज्या नशेला धर्माचे आणि प्रतिष्ठेचे पांघरूण असते, तिला वैध होण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागत नाही.

ही गोष्ट सुरतेच्या लिंबायत भागातून पाहिली की अधिक स्पष्ट दिसते. लिंबायत म्हणजे गुजरातेतील एक मोठी मराठी वस्ती. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो कुटुंबे येथे आणि लगतच्या डिंडोली, गोडादरा, उधना या भागांत स्थिरावली आहेत. श्रावणात येथे कानबाईचा उत्सव खानदेशाइतक्याच थाटात होतो. अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. २०१२ पासून या मतदारसंघाच्या आमदार संगीता पाटील आहेत आणि ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात लिंबायत मोडते, तेथील खासदार सी. आर. पाटील यांचे मूळही जळगाव जिल्ह्यातच आहे. पुरुष यंत्रमागांवर किंवा रिंग रोडच्या कापड बाजारात गठ्ठे बांधण्याच्या आणि वाहण्याच्या कामावर, स्त्रिया घरी बसून साड्यांचे धागे कापण्याच्या, टिकल्या लावण्याच्या कामावर, असे येथील अनेक घरांचे अर्थकारण. यंत्रमागाची पाळी बारा तासांची. रात्रपाळी करून आलेला माणूस पत्र्याखालच्या खोलीत भर दुपारी झोपण्याचा प्रयत्न करतो. त्या झोपेसाठी कोणी काय जवळ करतो, हे समजण्यास फार मोठ्या संशोधनाची गरज नाही.

त्याने महाशिवरात्रीला भांगेची गोळी घेतली तर तो भाविक. त्याच झाडाच्या शेंड्याची चिमूटभर पुडी त्याच्या खिशात सापडली तर तो आरोपी.

हा भेद गुजरातने निर्माण केलेला नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यातच तो आहे. त्या कायद्याच्या व्याख्येनुसार झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे म्हणजे गांजा. त्याचा चीक म्हणजे चरस. परंतु शेंड्यांपासून वेगळी असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही पानांना हीच सूट आहे. त्यामुळे पानांचे काय करायचे, हे राज्यांवर राहिले. शेंड्यांच्या बाबतीत मात्र एक किलोपर्यंतच्या ‘अल्प’ प्रमाणालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि २० किलोपासून पुढे किमान दहा वर्षे, कमाल वीस. नुसते सेवन केले तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विज्ञानाच्या दृष्टीने पान आणि शेंडा यांत नशा आणणाऱ्या द्रव्याच्या प्रमाणाचा फरक आहे, जातीचा नाही. शिवाय पोटात गेलेल्या भांगेचा अंमल उशिरा चढतो आणि बराच काळ टिकतो. म्हणूनच ‘अजून काहीच होत नाही’ म्हणत दुसरी गोळी घेणारे संकटात सापडतात. भांग निरुपद्रवी असल्याचा समज सोयीचा असला तरी खरा नाही.

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने लिंबायतचा माणूस गावी निघाला, की वाटेत नवापूर लागते. या स्थानकाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. फलाटावरच्या बाकाचेही दोन राज्यांत वाटे झाले आहेत. दोन्हीकडच्या कायद्याचे मूळ एकच, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. परंतु आज त्या बाकाच्या एका टोकाला दारूची बाटली गुन्हा आहे आणि भांग मोकळी. दुसऱ्या टोकाला दारूची दुकाने आहेत आणि भांगेला परवाना लागतो. गोमंतकीय वाचकाला यात नवल वाटू नये. १९८७ पर्यंत आपल्याच संघप्रदेशाचा भाग असलेल्या दमणने गुजरातची तहान किती वर्षे भागवली, हे आपण जाणतो. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पोलिसांनी गांजाची शेती उपटून काढल्याच्या बातम्या वरचेवर येतात. ओडिशातून रेल्वेने येणारा गांजा सुरतेत पकडला जाणे हेही नित्याचे, आणि त्यामुळे यंत्रमागावरच्या प्रत्येक ओडिया कामगाराकडे संशयाने पाहिले जाते, ही त्यातली दुसरी बाजू. सुरत पोलिसांनी ‘नो ड्रग्ज इन सुरत सिटी’ ही मोहीम चालवली. रासायनिक अंमली पदार्थांचा विळखा पाहता तिची गरज नाकारता येत नाही. पण जाळे टाकले की त्यात मोठा मासा किती वेळा येतो आणि बारीक मासळी किती, हा प्रश्न कोणत्याही शहराला विचारावा असाच आहे.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या, ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील सुमारे २.८ टक्के लोक, म्हणजे ३.१ कोटी, वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतल्याचे आढळले. त्यांपैकी भांग घेणारे सुमारे २.२ कोटी, तर गांजा-चरस घेणारे सुमारे १.३ कोटी, काही जण अर्थातच दोन्हींत मोडतात. याच पाहणीनुसार सुमारे ७२ लाखांना या सेवनामुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची आवश्यकता होती. ७२ लाख हा आकडा बर्लिनचा जल्लोष भारतात व्हावा म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवला पाहिजे, आणि सव्वा कोटींना तुरुंगात घालता येत नाही, हे बंदीच्या समर्थकांनी.

बर्लिनबद्दलही एक गैरसमज दूर केला पाहिजे. छायाचित्रांत धूर दिसला, कायदा दिसला नाही. जर्मनीने प्रौढ व्यक्तीला बाहेर २५ ग्रॅम, घरात ५० ग्रॅम आणि तीन झाडे एवढीच मुभा दिली. दुकानांतून विक्री नाही. जुलै २०२४ पासून सभासदांपुरते लागवड-मंडळ. शाळा, क्रीडांगणे यांच्या परिसरात ओढण्यास मनाई. वाहनचालकांसाठी रक्तातील प्रमाणाची मर्यादा पुढे स्वतंत्रपणे ठरवली. जे कृत्य आता गुन्हा उरले नाही, त्यासाठी पूर्वी ठोठावलेल्या शिक्षा माफ करण्याची तरतूदही केली. त्यापायी न्यायालयांना हजारो जुनी प्रकरणे उकरावी लागली आणि त्याबद्दल बरीच कुरकुर झाली. तरीही माझ्या मते त्या कायद्यातील सर्वांत प्रामाणिक कलम तेच. काल चूक ठरवलेली गोष्ट आज बरोबर ठरवायची आणि काल पकडलेल्याला तसेच सोडून द्यायचे, हे न्यायाला धरून नाही.

थायलंडने उलट केले. ९ जून २०२२ रोजी गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला, हजारो कैदी सुटले, महोत्सव भरले, पर्यटकांच्या रस्त्यांवर दुकानांच्या रांगा लागल्या. मात्र विक्रीचे, वयाचे, दर्जाचे नियमन करणारा सर्वंकष कायदा संसदेत रखडला. तीन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, सरकारला पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीची अट घालावी लागली. पर्यटनावर उपजीविका असलेल्या प्रदेशाने या उदाहरणाकडे दुर्लक्ष करू नये.

आपल्याकडे हा विषय निघाला तो २०२० च्या अखेरीस. वैद्यकीय उपयोगासाठी गांजाची मर्यादित लागवड करण्याच्या प्रस्तावाला कायदा खात्याने अनुकूलता दर्शवली, तत्कालीन कायदामंत्री नीलेश काब्राल यांनी त्याचे समर्थन केले, विरोधी पक्षांनी आणि समाजातील अनेकांनी टीकेची झोड उठवली, आणि मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांनी सरकारचा तसा विचार नसल्याचे सांगून विषय मिटवला. त्याच डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्यासाठी मतदान झाले. २७ विरुद्ध २५ अशा काठावरच्या बहुमतात भारताचे मत ठरावाच्या बाजूने होते. दिल्लीच्या या भूमिकेची पणजीत फारशी दखल घेतली गेली नाही.

विरोध करणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. हणजूण, वागातोरच्या नावाला चिकटलेला डाग पुसण्यात एक पिढी खर्ची पडली आहे, आणि किशोरवयात सुरू झालेल्या सेवनाचे मानसिक दुष्परिणाम डॉक्टर कंठरवाने सांगत आहेत. पण बंदीची झळ कोणाला बसते, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. किनारी भागातील अटकेच्या बातम्या ओळीने वाचून पाहाव्यात. अमुक ग्रॅम गांजासह परराज्यातील युवक ताब्यात, एवढेच बहुधा त्यांत असते. तो कोठे कामाला होता, पुडी कोणाकडून आली, पुढे खटल्याचे काय झाले, हे क्वचितच कळते. लिंबायतच्या गल्लीतला आणि आपल्या किनाऱ्यावरच्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातला मुलगा फारसे वेगळे नाहीत. त्यांना जामिनासाठी ओळखीचा माणूस मिळत नाही, वकिलाला देण्यासाठी पैसे नसतात.

केंद्रीय कायद्यातील ६४अ हे कलम अल्प प्रमाणातील गुन्ह्याच्या आरोपात अडकलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतल्यास खटल्यातून सूट देते. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, विधेयक आणावे लागत नाही. लागतात ती सरकारी उपचार केंद्रे, आणि अटकेच्या वेळी आरोपीला हा मार्ग समजावून सांगणारा कोणीतरी. गेल्या पाच वर्षांत गोव्यात गांजासाठी पकडल्या गेलेल्यांपैकी किती जणांकडे एक किलोपेक्षा कमी माल होता, त्यांपैकी किती जण उपचारासाठी पाठवले गेले आणि किती जण जामीन न मिळाल्याने कोलवाळच्या कारागृहात राहिले, हे आकडे गृह खात्याच्या दप्तरातून काढता येण्याजोगे आहेत. लागवडीचा पुढचा प्रस्ताव येण्यापूर्वी एखाद्या आमदाराने ते सभागृहाच्या पटलावर मागावेत.