पैसे घेतले, तर ती चाचणी कसली?

एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवर मी सामान्य नागरिक म्हणून काम करते. माणसांवर औषधाची चाचणी घ्यायची तर समितीत डॉक्टर-वकिलांबरोबर वैद्यकाबाहेरचा माणूसही हवा, असा नियम आहे. शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून मराठी संमतिपत्रं माझ्याकडे येतात. मी ती ओळ न् ओळ वाचते.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एक वहिनी पत्रक घेऊन आल्या. भाऊजींना लिव्हर सिरॉसिस. पोटात पाणी साठतं, ते सुईनं काढावं लागतं; अमोनिया वाढला की घरच्यांनाही ओळखत नाहीत. पत्रकावर ‘स्टेम सेल क्लिनिकल ट्रायल’ आणि खाली साडेचार लाखांचं पॅकेज. शेताचा तुकडा विकायचं घरात ठरत आलं होतं. मी म्हटलं, वहिनी, एक रुपयाही भरू नका. आधी यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागतं का, ते डॉक्टरांना विचारा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके अपवाद सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. यकृत त्या अपवादांत नाही.

म्हणून चाचण्याच नकोत, असं मात्र मी म्हणणार नाही. मला त्या हव्यात, आणि नीट हव्यात. नातेवाईक गयावया करतात, ‘आमच्या माणसाला नुसत्या नेहमीच्या औषधांच्या गटात टाकू नका.’ त्यांची तगमग मला कळते. पण तो दुसरा गट, आणि पुरेसा मोठा, का लागतो, ते पाहा. अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल रक्तात आणणारं जी-सीएसएफ हे इंजेक्शन दिल्लीत यकृत अचानक ढासळलेल्या रुग्णांना दिलं गेलं. २०१२ साली छापलेल्या त्या अभ्यासात इंजेक्शन घेतलेल्या २३ पैकी १६ जण दोन महिन्यांनी जिवंत होते, न घेतलेल्या २४ पैकी फक्त ७. केवढी आशा! मग जर्मनीत १७६ रुग्णांवर तेच करून पाहिलं. २०२१ साली निकाल आला : तीन महिन्यांनी दोन्ही गटांत प्रत्यारोपणाशिवाय जगलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच, एक तृतीयांशाच्या आसपास.

ब्रिटनमध्ये तर सिरॉसिसच्या ८१ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच जी-सीएसएफ इंजेक्शन, तिसऱ्याला इंजेक्शन आणि वर त्यांच्याच स्टेम सेल. तीन महिन्यांनी यकृताच्या कामात फरक नव्हता, उलट स्टेम सेल दिलेल्या गटात गंभीर त्रास जास्त जणांना झाला. ज्यांनी हे २०१८ साली जगाला सांगितलं, त्यांचे आणि त्या ८१ जणांचे आपल्यावर उपकार आहेत. फसलेला निकाल दडवला असता, तर पुढचा रुग्ण त्याच वाटेनं गेला असता.

चाचणी खरी आहे का, हे कुणालाही तपासता येतं. २००९पासून आपल्याकडे प्रत्येक औषध-चाचणीची नोंद सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर सक्तीची आहे आणि ती मोबाइलवर फुकट दिसते. नोंदणी क्रमांक मागा. द्यायला टाळाटाळ झाली, तर उठून या. नोंद असली आणि तरीही पैसे मागितले, तरी उठून या.

समितीत माझी मागणी एकच असते. आधीच्या चाचण्यांचे निकाल, फसलेलेसुद्धा, संमतिपत्रात आकड्यांसह सोप्या मराठीत लिहा. ते नसतील, तर मी कागद परत पाठवते.