ग्वातेमालाच्या साक्षी

ग्वातेमालातील यादवी १९६० मध्ये पेटली आणि १९९६ च्या अखेरीस शांतता करारावर सह्या झाल्या तेव्हा थांबली. मृत व बेपत्ता मिळून दोन लाखांवर माणसे गेली, असा संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर नेमलेल्या सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया आदिवासी होते. नोंदलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्क्यांची जबाबदारी आयोगाने लष्कर व त्याच्या हाताखालच्या सशस्त्र गटांवर टाकली.

दोषी व्यक्तींची नावे घेण्याची मुभा मात्र या आयोगाला नव्हती. ते १९९४ मध्येच ठरले होते. म्हणून बिशप हुआन गेरार्दी यांच्या पुढाकाराने कॅथलिक चर्चने १९९५ मध्ये स्वतःच साक्षी नोंदवायला घेतल्या. माया भाषा बोलणारे चर्चचे कार्यकर्ते डोंगरातल्या वस्त्यांवर गेले. काय घडले आणि कोणी केले, एवढ्यावर त्यांचे प्रश्न थांबत नसत. घरादारावर काय परिणाम झाला, त्या दिवसांत तग कसा धरला, आता काय व्हायला हवे, हेही विचारले जाई. पोलिसी तपासाला अशा प्रश्नांची गरज नसते. शोकात असलेल्या घराला असते. पाच हजारांहून अधिक साक्षी जमल्या आणि त्यातून चार खंडांचा अहवाल उभा राहिला.

गेरार्दींसाठी ही हिंसा ऐकीव नव्हती. किचे धर्मप्रांताचे बिशप असताना त्यांचे धर्मगुरू आणि धर्मशिक्षक मारले गेले, त्यांच्याही जिवावर बेतले, आणि १९८० मध्ये त्यांनी धर्मप्रांतच बंद केला. २४ एप्रिल १९९८ रोजी राजधानीच्या कॅथेड्रलमध्ये त्यांनी अहवाल लोकांपुढे ठेवला. दोन दिवसांनी, रात्री, ते राहत असलेल्या धर्मगुरूनिवासात काँक्रीटच्या तुकड्याने त्यांचे डोके ठेचण्यात आले. ते ७५ वर्षांचे होते.

अशा देशात ख्रिस्ती माणसाने क्षमा कशी समजून घ्यायची? झाले गेले विसरा, असा उपदेश सोपा आहे आणि मारेकऱ्यांना तो सोयीचाही असतो. शुभवर्तमानात त्याला आधार नाही. पुनरुत्थित येशू थोमासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या हातांवरचे व्रण पुसलेले नसतात. ते दाखवूनच तो आपली ओळख देतो. प्रत्येक मिस्सा ही सत्तेने मारलेल्या एका माणसाची आठवण आहे, आणि पिलाताचे नाव श्रद्धांगीकारात आजही घेतले जाते. क्षमेला सत्याची अडचण होत नाही, उलट कोणाला आणि कशाची क्षमा करायची हे सत्यच सांगते. पापाची कबुलीही नाव घेऊनच होते.

कबुलीचा हा प्रश्न फक्त ख्रिस्ती समाजाबाहेरच्यांना विचारून भागत नाही. मार्च १९८२ ते ऑगस्ट १९८३ या काळात सत्तेवर असलेले जनरल एफ्राइन रिओस माँट हे इव्हँजेलिकल ख्रिस्ती होते आणि रविवारी दूरचित्रवाणीवरून प्रवचने देत. त्याच महिन्यांत माया आदिवासींपैकी इशिल लोकांची गावे लष्कर जाळत होते. २०१३ मध्ये न्यायालयाने त्यांना वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले. दहा दिवसांत घटना न्यायालयाने तो निकाल रद्द केला. खटला नव्याने सुरू असताना २०१८ मध्ये ते वारले. इशिल स्त्रियांनी भर न्यायालयात दिलेल्या साक्षी मात्र नोंदीत कायम आहेत, आणि आशा कोठे शोधायची याचे उत्तर निकालपत्रापेक्षा त्या साक्षींत अधिक आहे: इतक्या वर्षांनीही, आपले म्हणणे कोणी तरी ऐकेल असे त्यांनी धरून ठेवले होते.

कॅथेड्रलपुढच्या बारा खांबांवर बळींची नावे कोरली आहेत. मानववंशशास्त्रज्ञ सामूहिक कबरी उकरून अस्थी ओळखतात, मग कुटुंबे त्यांना रीतसर मूठमाती देतात. किचेतील तीन धर्मगुरू आणि सात सामान्य श्रद्धावंत यांना २०२१ मध्ये चर्चने हुतात्मे मानून धन्य घोषित केले. त्यांत बारा वर्षांचा एक मुलगाही आहे. गेरार्दींच्या खुनाबद्दल २००१ मध्ये तीन लष्करी माणसांना आणि एका धर्मगुरूला शिक्षा झाली. त्यांच्या वर कोण होते, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.